आधी तपासणी, मग पथ्य

मोरा कोळीवाड्यातलं रोजचं जेवण म्हणजे भात, माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. अशा घरातल्या बाईला पन्नाशीनंतर सेलिॲक आजार निघाला, म्हणजे गहू बाधतो असं कळलं, की शेजारीपाजारी विश्वास ठेवत नाहीत आणि घरचे ‘आता गहू बंद’ एवढं म्हणून विषय मिटवतात. पण तिच्या मोठ्या झालेल्या मुलांचं काय? त्यांनी तपासून घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कधी, कोणती तपासणी? पुढच्या संवादातली वहिनी आणि तिची नणंद कल्पित आहेत. वहिनीचं निदान होऊन चार महिने झाले आहेत. तिची मुलगी सत्तावीस वर्षांची, पनवेलला दिलेली. मुलगा तेवीस वर्षांचा, न्हावा-शेव्याच्या एका कंटेनर यार्डात कामाला. नणंद मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. दोघींचे मुद्दे अशा घरांत हमखास निघणारे आहेत, आणि दोन्ही बाजूंना वजन आहे.

वहिनी : ताई, तुमचा हा तगादा मला कळत नाही. या आजारावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. डॉक्टरांनी मला दिलं काय? पथ्य. गहू, मैदा, रवा, जव बंद. मुलीनंही माझं बघून तेव्हाच चपाती सोडली. तिचं सारखं तोंड यायचं ते थांबलं, पोट फुगायचं कमी झालं. गुण आलाय ना? मग आता सुया कशाला टोचून घ्यायच्या?

नणंद : तिला बरं वाटतंय याचा मलाही आनंद आहे, वहिनी. पण गहू सोडून बरं वाटलं म्हणजे सेलिॲकच असला पाहिजे असं होत नाही. बेकरीचं आणि मैद्याचं खाणं थांबलं की पुष्कळांचं पोट हलकं होतं. गव्हातले काही घटक आतड्यात आंबतात आणि त्यानंही पोट फुगतं. त्या माणसांना हा आजार नसतो. शिवाय तिचं मुख्य दुखणं होतं रक्त कमी असण्याचं. हिमोग्लोबिन आठ, आणि लग्नाआधीपासून लोहाच्या गोळ्या चालू. गहू सोडल्यावर ते वाढलं का, हे कुणी बघितलंय?

वहिनी : आपल्याकडे कुठल्या बाईचं रक्त पुरेसं असतं, सांगा बरं?

नणंद : याच वाक्यानं तुमची इतकी वर्षं घालवली. गोळ्या नियमानं घेऊनही रक्त वाढत नसेल, तर ते लोह अंगात शिरतंय का, हे विचारायला हवं. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. सेलिॲकमध्ये गव्हा-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते आणि आतल्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. तो घाव सर्वांत आधी त्याच सुरुवातीच्या भागावर पडतो. म्हणून मोठ्या माणसात पुष्कळदा जुलाब, वजन घटणं यांपैकी काहीच नसतं; नुसतं रक्त कमी, हाडं ठिसूळ, कधी वारंवार गर्भपात, कधी थायरॉइडचा त्रास. लहान मुलाचं पोट पुढे आलं, उंची वाढेना, की आई धावते. मोठ्या मुलांचं दुखणं असं आडून येतं, म्हणून सुटून जातं.

वहिनी : पण हा आजार पंजाबी, हरियाणवी लोकांचा. आपण पिढ्यान् पिढ्या तांदूळ खाणारी माणसं. मला झाला ते माझं नशीब म्हणा. पोरांना कशाला त्यात ओढता?

नणंद : उत्तरेत तो जास्त सापडतो, हे खरं. तिथल्या मुलांमधल्या सेलिॲकवरचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९६६ सालीच आला होता. पण २०१६ मध्ये देशातल्या तेवीस हजारांहून जास्त प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातले आकडे ऐका. उत्तरेत आजाराचं प्रमाण हजारात साधारण साडेआठ आणि दक्षिणेत दहा हजारांत एक. या आजाराला लागणारी जनुकं मात्र उत्तरेत ३८ टक्के लोकांत आणि दक्षिणेत ३६ टक्के लोकांत, म्हणजे जवळजवळ सारखीच. फरक होता गव्हात : उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. आता आपल्या घरातलं बघा. आईच्या काळी चपाती सणाला व्हायची. आज रेशनवर गहू येतो, मुलाच्या डब्यात चार चपात्या असतात, सकाळी चहाबरोबर पाव नाहीतर बिस्कीट, यार्डाच्या गेटवर वडापाव, रात्री कंटाळा आला की नूडल्स. तांदूळ खाणारी माणसं असं आपण अजून म्हणतो खरं, पण ताट बदललंय.

वहिनी : बरं, मुलीचं ठीक आहे, तिला काहीतरी होत होतं. मुलगा तर ठणठणीत आहे. कंटेनरवर चढतो, उतरतो. त्याला बसल्या जागी रोगी कशाला ठरवायचं? माझ्या डॉक्टरांनीही सांगितलं, की काही त्रास नसताना तपासणी करावी की नाही यावर एकमत नाही.

नणंद : डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं. प्रतिबंधक आरोग्यसेवेवर सल्ला देणाऱ्या अमेरिकेतल्या कार्यगटानं २०१७ मध्ये हेच म्हटलं, की लक्षणं नसलेल्या लोकांची चाळणी करण्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध सांगायला पुरेसा पुरावा नाही. पण रस्त्यावरचा कुणीही आणि सेलिॲक असलेल्या बाईचा पोटचा मुलगा यांची जोखीम सारखी नाही. सख्ख्या नातेवाइकांत शंभरात सात-आठ जणांना हा आजार सापडतो. आईवडिलांपेक्षा भावंडांत आणि मुलांत जास्त. म्हणून पोटाच्या आजारांचे तज्ज्ञ सख्ख्या नात्यात तपासणीचा विचार करा म्हणतात, आणि लक्षण असेल तर कराच म्हणतात. तुमची करंज्याची बहीण आहे ना? तिच्या पायांत सारखे गोळे येतात, हाडं दुखतात. तिलाही हे सांगायला हवं.

वहिनी : तिला सांगेन. पण ताई, तपासणी म्हणजे ती घशातून नळी घालायची. मला ती घातली तेव्हा मी किती घाबरले होते, तुम्ही बाहेर बसला होतात. मुलगी नांदायला गेलेली. सासरी कळलं की म्हणतील, आजारी पोरगी गळ्यात मारली. मुलाचं अजून लग्न व्हायचंय.

नणंद : लोक काय म्हणतील ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. माणसं बोलतात. म्हणूनच मुलांच्या तपासणीची गोष्ट मुलांनी सांगायची. ती आपण गावभर करायची नाही. राहिली नळी. सुरुवात नळीनं होत नाही, दंडातल्या एका सुईनं होते. चिठ्ठीवर दोन नावं लिहून घ्यायची : टीटीजी आयजीए आणि टोटल आयजीए. उरणला रक्त दिलं तरी चालतं. नमुना पुढे मोठ्या प्रयोगशाळेत जातो.

वहिनी : दोन कशाला? माझ्या वेळी पहिल्यांदा एकच केली होती.

नणंद : टीटीजी आयजीए म्हणजे आपल्याच आतड्यातल्या एका घटकाविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं. तो घटक नेमका कोणता, हे १९९७ मध्ये सापडलं आणि तेव्हापासून ही तपासणी आली. पण सेलिॲकच्या शंभरातल्या दोन-तीन जणांच्या शरीरात आयजीए जातीची प्रतिपिंडं मुळातच तयार होत नाहीत. त्यांचा टीटीजी आयजीए नेहमी ‘नॉर्मल’ येणार, आतडं कितीही खराब असलं तरी. टोटल आयजीए बघितलं की ही फसगत टळते. ते फारच कमी निघालं, तर आयजीजी जातीची तपासणी करायची. आणि रिपोर्ट हातात आला की नुसतं ‘पॉझिटिव्ह’ वाचून थांबायचं नाही. शेजारी प्रयोगशाळेची वरची मर्यादा छापलेली असते. मर्यादा २० आणि आकडा २६ असेल तर तो किंचित वाढलेला आहे, त्याची खात्री करावी लागते. मर्यादा २० आणि आकडा २०० च्या वर, म्हणजे दहापटीहून जास्त, तर संशय जवळजवळ पक्का.

वहिनी : मग पक्का झाला तर नळी कशाला?

नणंद : लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तरही निघालं. युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांनी २०२० मध्ये ठरवलं, की आकडा दहापट असेल आणि दुसऱ्या वेळी काढलेल्या रक्तात ईएमए ही तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर मुलाच्या आतड्याचा तुकडा घेण्याची गरज नाही. काही देशांत तरुण प्रौढांनाही अशी मोकळीक देऊ लागलेत. पण आपल्याकडे मोठ्या माणसात तज्ज्ञ अजून बहुधा तुकडा बघूनच निदान पक्कं करतात, आणि त्याला कारण आहे. आतड्याचे उंचवटे फक्त सेलिॲकमुळेच झिजत नाहीत. ट्रॉपिकल स्प्रू नावाचा आजार आहे, जिआर्डियाचे जंतू आहेत, आतड्याचा क्षय आहे. हे सगळं आपल्या भागात होतं आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. समजा मुलीला यांतलं काही असेल आणि आपण चपाती बंद करून बसलो, तर?

वहिनी : ... क्षयाचं नाव काढू नका.

नणंद : घाबरवायला काढलं नाही. तपासल्याशिवाय आपण ज्याला पथ्य म्हणतो, तो अंदाज असतो, एवढंच सांगायचंय. आणि नळीचं म्हणाल, तर रिकाम्या पोटी जायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात किंवा झोपेचं इंजेक्शन देतात, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या दुसऱ्या टप्प्यातून किमान चार आणि अगदी पहिल्या टप्प्यातून एक-दोन तुकडे घ्यायचे असतात, तांदळाच्या कणीएवढे. ते घेताना दुखत नाही. किती तुकडे घेणार, हे आधी विचारायला लाजायचं नाही. घाव ठिकठिकाणी असतो, एकच तुकडा घेतला तर हुकतो.

वहिनी : चला, मुलाला रक्त द्यायला सांगू. पण मुलीनं तर गहू सोडलाय चार महिने. तिचंही रक्त घेऊन टाकू, सोपं आहे.

नणंद : तिचंच सोपं राहिलेलं नाही, आणि माझा सगळा तगादा यासाठीच होता. या तपासण्या शरीर ग्लुटेनशी झगडत असतानाच खरं बोलतात. गहू बंद केला, की प्रतिपिंडं हळूहळू उतरतात आणि आतडंही भरून येऊ लागतं. मग रिपोर्ट नॉर्मल आला, तर आजार नाही म्हणून आला की पथ्यानं झाकला गेला, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन पोटात जायला हवं, असं ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मुलगा रोज चपाती-पाव खातोय, त्याचं रक्त उद्याही चालेल. फक्त त्यानं तुमचं बघून आजपासून गहू सोडू नये.

वहिनी : म्हणजे मुलीला आता पुन्हा गहू खायला लावायचा? पोटच्या पोरीला मुद्दाम दुखणं द्यायचं? हे मला जमणार नाही, ताई. स्पष्ट सांगते.

नणंद : लगेच खायला लावायचाच, असं मी म्हणत नाही. एकाच सुईत तीन गोष्टी होऊ द्या. टीटीजी आणि टोटल आयजीए कराच, कारण काहींची प्रतिपिंडं उतरायला वर्षभरही लागतं. चार महिन्यांनंतरही आकडा वाढलेला निघाला तर गहू न खाताच मोठा पुरावा हाती येईल. तिसरी जनुकांची तपासणी, डीक्यू-टू आणि डीक्यू-एट. तिला खाण्याशी देणंघेणं नाही, गहू खा किंवा सोडा, जनुकं बदलत नाहीत. दोन्ही नसतील तर सेलिॲक जवळपास नाहीच, विषय संपला. मग तिनं चपाती खावी आणि रक्त कमी का होतं याचं दुसरं कारण शोधावं. जनुक निघालं तर मात्र त्याचा अर्थ एवढाच, की आजार होऊ शकतो. ते तर देशातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांत आहे.

वहिनी : आणि जनुक निघालं, पण टीटीजी नॉर्मल आला तर?

नणंद : तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही आठवडे ग्लुटेन पुन्हा सुरू करून तपासायचा पर्याय उरतो. रोज निदान ३ ग्रॅम लागतं; मध्यम चपातीत साधारण दोन ते तीन ग्रॅम असतं, म्हणजे दोन चपात्या पुरतात. त्रास असह्य झाला तर डॉक्टर लवकर थांबवून तपासतात. पण ती मूल होण्याचा विचार करतेय, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. दिवस गेले असतील तर हा प्रयोग करायचा नाही, पुढे ढकलायचा. दिवस जाण्याआधी निदान होऊन आजार काबूत आला तर उत्तम, कारण उपचार न झालेल्या सेलिॲकमध्ये गर्भपाताचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो. हे सगळं तिच्या पुढ्यात मांडायचं. ती म्हणाली, मला पुन्हा गहू खायचा नाही, तर तो निर्णयही चुकीचा म्हणता येणार नाही.

वहिनी : असं तुम्ही म्हणता? मला वाटलं, तुम्ही तिला दामटून नेणार.

नणंद : ती सत्तावीस वर्षांची आहे. आपण हात धरून नेण्याचे दिवस गेले. पण निदान न करता पथ्य पाळायचं ठरवलं, तर ते आयुष्यभर आणि पुरतं पाळावं लागतं, हे तिला माहीत हवं. नुसती चपाती सोडून भागत नाही. २००७ मधल्या एका अभ्यासात सेलिॲकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानंही आतड्यात बदल दिसले. ५० मिलिग्रॅम म्हणजे पावाचा चुरा. आपल्याकडे तो कुठून येईल सांगू? हिंगाच्या डबीवर घटक वाचा, बहुतेकदा गव्हाचं पीठ नाहीतर मैदा लिहिलेला असतो. ईस्ट इंडियन शेजारणीनं दिलेल्या बाटली मसाल्यात भाजलेला गहू असतो. सातूच्या पिठात गहू असतो. लग्नात, हॉटेलात बोंबील रव्यात घोळवून तळतात. आणि आपली तांदळाची भाकरी? गिरणीत आपल्या आधी कुणाचा गहू दळला असेल, तर दगडाला आणि पिशवीला चिकटलेलं ते पीठ आपल्या तांदळात येतं.

वहिनी : गिरणीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून का माझा आकडा अजून उतरत नाही?

नणंद : असू शकेल; आहारतज्ज्ञाशी बोलून बघा. घरघंटी घेऊन तांदूळ घरीच दळला तर हा प्रश्न मिटेल. बाहेरचं घेताना ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिलेलं बघा. आपल्या देशाच्या नियमात त्याचा अर्थ किलोमागे २० मिलिग्रॅमहून कमी ग्लुटेन. मुलीला एवढी शिस्त जन्मभर पाळायची असेल, तर तिला पक्कं निदान हाती हवं. पक्कं माहीत असलेला माणूस लग्नाच्या पंगतीत ‘नको’ म्हणू शकतो. अंदाजावर चाललेला ‘एक घास, काय होतंय’ म्हणतो. निदान असलं की हाडांची घनता, लोह, ड जीवनसत्त्व, थायरॉइड यांवर वेळोवेळी लक्ष ठेवता येतं. पुढे तिच्या मुलांनाही आपली जोखीम कळते.

वहिनी : आणि मोबाईलवर त्या जाहिराती येतात, केसाचा नमुना पाठवा, शंभर पदार्थांची यादी देतो?

नणंद : त्यावर एक रुपया घालवायचा नाही. केसावरून किंवा पदार्थांच्या त्या आयजीजी यादीवरून सेलिॲक कळत नाही. त्या यादीत दूध, अंडं, मासे सगळं बंद निघतं आणि माणूस उपाशी मरतो.

वहिनी : एक मात्र तुम्ही मान्य करा, ताई. गहू सोडून गुण येतो, हे आधी माणसांनी बघितलं, यंत्रं नंतर आली. तुम्हीच सांगितलं होतं ना, त्या हॉलंडच्या डॉक्टरांचं?

नणंद : विलेम डिके. मान्य. हेगच्या बालरुग्णालयात त्यांना गव्हाचा संशय आला, १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला तेव्हा ही मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. पण त्यांनीही तेवढ्यावर भागवलं नाही. एकेका मुलाला गहू देऊन, थांबवून, मोजून बघितलं आणि १९५० च्या प्रबंधात मांडलं. आतड्याचा तुकडा काढून बघण्याची सोय त्यानंतर काही वर्षांनी आली. आज आपल्या हाती ती आहे, रक्ताची तपासणी आहे, जनुकांची आहे. डिके यांना जे मोजायला वर्षं लागली, ते आपल्याला काही आठवड्यांत कळतं.

वहिनी : ठीक. मग असं करते. मुलाला सांगते, खाण्यात काही बदल न करता या आठवड्यात रक्त दे. नॉर्मल आलं तर?

नणंद : तर आजच्यापुरता सुटला. हा आजार कुठल्याही वयात सुरू होऊ शकतो, म्हणून पुढे कधी रक्त कमी झालं, पोट बिघडत राहिलं, की पुन्हा तपासायचं. त्याला हवं असेल तर जनुकांची तपासणी एकदाच करून घ्यावी. ती जनुकं नसली तर पुन्हा पुन्हा सुई नको.

वहिनी : आणि मुलीला फोन करते. तिच्या नवऱ्यालाही बोलावते म्हणाली तर तसं. नाहीतर ती एकटीच ठरवेल. तुम्ही मला ही नावं कागदावर लिहून द्या, कुठली तपासणी कशाच्या आधी, ते. मी तिला ‘कर’ म्हणणार नाही. कागद देईन, माझा रिपोर्ट देईन आणि डॉक्टरकडे जायचं ठरलं तर सोबत येईन.

नणंदेचा आग्रह आणि वहिनीची माया यांत एकाला जिंकवण्याचं कारण नाही. मोठ्या मुलांच्या शरीराचा निर्णय त्यांचाच, हे शेवटी दोघींनीही मान्य केलं. आणि गहू सोडण्याआधी तपासायचं, हा क्रम वहिनीनं स्वीकारला. हा क्रम उलटला की सोपी रक्ततपासणी अवघड होऊन बसते, म्हणून तो घरात पहिलं निदान झालं त्याच दिवशी सांगितला गेला पाहिजे. ज्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी, आहारतज्ज्ञांनी रुग्णाच्या हाती पथ्याचा कागद दिला, त्यांनी त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहावी : भावंडांना आणि मुलांना कळवा, त्यांनी तपासून घेईपर्यंत खाणं बदलू नये. ही एक ओळ असती, तर पनवेलच्या त्या मुलीपुढे पुन्हा गहू खाऊन बघायचा प्रश्नच आला नसता.